साडेतीन हजार पेटुनिया

२० फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

तुझं कार्ड पोचलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, प्रत्येक ओळ शेवटी घसरगुंडीवरून उतरल्यासारखी. तुझी ताई बरी आहे. तिच्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम तुंबलंय, शिलाई मशीनवरून उठायला फुरसत नाही, म्हणून उत्तर मी लिहितोय. तिने तुला आशीर्वाद सांगितले आहेत.

तू विचारलंस, पेटुनिया बागेत कधी लावायच्या. तर आधी बी. ते याच आठवड्यात पेर. पेटुनियाचं बी म्हणजे निव्वळ तपकीर. शिंकलास तर शेजारच्या अंगणात उगवेल. चमचाभर बारीक वाळूत मिसळ आणि ट्रेमधल्या ओलसर मातीवर भुरभुरव. वरून माती घालू नकोस, या बीला उजेड लागतो. तळहाताने नुसतं दाब, वर काच ठेव आणि ट्रे खिडकीशी राहू दे. दहा-बारा दिवसांत मातीवर हिरवी साय धरेल. पुढे रोपाला सहा पानं आली की शेंडा खुडायचा. जिवावर येतं, पण खुडायचा, नाहीतर रोप नुसतं उंच आणि लुकडं होतं. बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस रोपं दिवसा बाहेर, संध्याकाळी आत, अशी ने-आण कर. दोन रोपांत वीतभर अंतर.

हे सगळं तुला येतं. यातलं निम्मं मीच तुझ्याकडून शिकलो. तरी विचारलंस, कारण कार्डात तू लिहिलं आहेस, "मागे माझ्या हातून चूक झाली, तेव्हापासून माझा माझ्या अंदाजावर भरवसा नाही. ताई, भाऊजींना नक्की तारीख विचारून कळव."

आपल्याकडच्या डोंगरी हवेत नक्की तारीख अशी सांगता येत नाही. कडाक्याची थंडी पूर्ण गेल्यावर. बाकी हवा बघून ठरव.

मागचं मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं माणसाच्या हातून.

तुझे,
भाऊजी


८ मार्च

चि. भुंग्यास,

तुझं पत्र आलं. ट्रेमध्ये कोंब दिसायला लागले हे वाचून बरं वाटलं. तू आता इस्पितळाच्या फाटकावर असतोस हे मला माहीत नव्हतं. आम्हाला वाटत होतं, तू अजून त्या कापडाच्या गोदामातच आहेस. तुमच्या मेट्रनबाईंनी बायकांच्या वॉर्डासमोरची मातीची पट्टी तुझ्या हवाली केली, हे चांगलंच झालं. "पूर्वी बागेत होतात ना, मग लावा काहीतरी, आमच्या बायकांना दिवसभर समोर भिंत बघावी लागते," असं त्या म्हणाल्या, आणि तू नऊ वर्षांत पहिल्यांदा मातीला हात लावलास. नऊ वर्षांत पहिल्यांदा, हे मी दोनदा वाचलं. तू? ज्याला ताईने लहानपणीच भुंग्या नाव ठेवलं, कारण फूल दिसलं की हा गुणगुणत तिथे हजर?

तू पुढे विचारलं आहेस, "ताईने खाली दोन अक्षरंही लिहिली नाहीत. एवढा राग आहे का अजून?"

आता एक गोष्ट कबूल करतो. ताईने तुझं कार्ड पाहिलेलं नाही. हे पत्रही नाही. टपाल अकराला येतं, तेव्हा ती शिवलेले कपडे पोचवायला गेलेली असते, आणि नगरपालिकेच्या बागेतून निवृत्त झाल्यापासून टपाल हे माझं खातं. कार्ड मी माझ्या रेनकोटच्या खिशात ठेवलं. तिथेच आता पत्रही आहे. संध्याकाळी दाखवू म्हटलं, मग उद्या, मग परवा. आशीर्वाद मीच तिच्या नावाने लिहून टाकले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ती रेनकोटजवळून गेली तरी मी उगाच खाकरतो.

ती तुझं नाव काढत नाही. पण एक सांगतो. नगरभवनासमोरच्या त्या गोल वाफ्याजवळून ती नऊ वर्षांत एकदाही गेलेली नाही. भाजीबाजारातून वळसा घालून जाते, हातात कपड्यांचं गाठोडं असलं तरी.

त्या दिवसाबद्दल तू सविस्तर लिहिलं आहेस. कारंज्याचं उद्घाटन होतं, त्याआधी गोल वाफा भरायचा होता. मी "तयारी ठेव" म्हणालो, तू "लावून टाक" असं ऐकलंस. एप्रिलच्या सुरुवातीलाच साडेतीन हजार रोपं काचघरातून बाहेर काढून लावलीस, आणि चौथ्या पहाटे दव गोठलं. तू लिहितोस, "तुमची मान खाली गेली त्याचं मला नोकरी गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं."

त्यावर आज काही लिहीत नाही. गुडघा फार दुखतोय, आणि बसून लिहिलं की जास्त दुखतो.

शेंडे खुडायला विसरू नकोस.

भाऊजी


२६ मार्च

भुंग्या,

गुडघा दुखत नव्हता.

तुझं परवाचं पत्र आल्यापासून मी घरात धड बसलेलो नाही. तू लिहितोस की इस्पितळात कानाच्या डॉक्टरांनी येता-जाता सहज तुझे कान तपासले. डावा जरा कमी, उजवा ठणठणीत. आणि त्याखाली तू लिहिलं आहेस, "म्हणजे भाऊजी, तेव्हा कान नाही, डोकंच चुकलं असणार. म्हणून तुम्ही आता एकच तारीख लिहून पाठवा. त्याच दिवशी लावीन. एक दिवस मागे नाही, एक दिवस पुढे नाही."

नऊ वर्षं तू कानाला दोष देत होतास, तो गेला तर आता डोक्याला द्यायला निघालास. पुढच्या पत्रात कशाला देशील? म्हणून आज लिहितो. आज नाही लिहिलं तर माझ्याने परत होणार नाही.

तू बरोबर ऐकलं होतंस.

मी "तयारी ठेव" म्हणालोच नव्हतो. हे शब्द मी नंतर बनवले. काय झालं होतं ते जसंच्या तसं लिहितो, कारण तू ते इतक्या वेळा मनात उलटसुलट केलं असशील की तुला आता खरं कुठलं तेच उमगत नसेल.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. काचघरात तू रबरी नळी गुंडाळत होतास, कोपऱ्यात कामाची मावशी कुंड्या विसळत होती. मी साहेबांच्या खोलीतून आलो होतो. साहेबांनी सांगितलं होतं, उद्घाटनाच्या दिवशी वाफा फुललेला हवा, आणि शेवटी म्हणाले होते, "अधीक्षकाच्या जागेसाठी दोन नावं आहेत, त्यात एक तुमचं." बस्स. एवढंच. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. साहेबांना मी "थंडी आहे, मे महिन्याआधी नाही जमणार" एवढं म्हणायला हवं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी गिळलं आणि "होऊन जाईल साहेब" म्हणालो.

मग तुझ्याकडे आलो आणि म्हणालो, "भुंग्या, वाफा भरायला घे."

तू म्हणालास, "भाऊजी, चेष्टा करताय?"

"लावून टाक."

तू नळी खाली ठेवलीस. म्हणालास, "जमीन अजून गार आहे. सकाळी हात टेकवला की कळ येते. मे उजाडू द्या. नाहीतर निदान झेंडू-पेटुनिया सोडून दुसरं काहीतरी लावू, थंडी सोसेल असं."

"पेटुनियाच हव्यात. त्या फुललेल्या आहेत. लावून टाक, जबाबदारी माझी."

तू दोनदा विचारलंस. "नक्की ना?" आणि परत, "नक्की?" मी तुझ्या उजव्या बाजूला उभा होतो. उजव्या. तुझ्या ठणठणीत कानापासून हातभर अंतरावर.

तीन दिवस तू आणि माणसं वाकून वाकून लावत होतात. तुला करायचं नव्हतं, तरी तू रोपं अशी लावलीस की एकही ओळ वाकडी नव्हती. जांभळा, पांढरा, मग परत जांभळा. चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो तर सगळा वाफा शिजवलेल्या पालेभाजीसारखा झाला होता. तू मधोमध उकिडवा बसला होतास. तुला वाटलं असेल, हे आता सांभाळून घेतील. जबाबदारी माझी म्हणाले होते.

त्याच दुपारी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. तीन खुर्च्या होत्या, तू उभा राहिलास. साहेबांनी विचारलं, "एप्रिलमध्ये पेटुनिया लावायला सांगितलं कुणी?" तू माझ्याकडे बघितलंस. आरोप म्हणून नव्हे, नुसतं, मी बोलेन म्हणून. आणि मी बोललो. "मी याला तयारी ठेव म्हणालो होतो साहेब. याने ऐकलं लावून टाक. याला एका कानाने जरा कमी येतं."

तुझ्या कानाचं मला ताईमुळे माहीत होतं. घरातली गोष्ट होती. लहानपणी तळ्यात बुडी मारून तो कान बिघडला, हे तिने मला लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ते मी तिथे बाहेर काढलं.

तू गोंधळलास. तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं की तू मागे जाऊन शोधतो आहेस. मग म्हणालास, "भाऊजी म्हणतात तर तसंच असेल. माझा डावा कान जरा कमीच आहे." कारकुनाने लिहून घेतलं. तू सही केलीस. मी खोटं बोललो असेन ही शक्यताच तुझ्या मनात आली नाही. माझ्यापेक्षा तुला तुझ्या कानावर संशय घेणं सोपं गेलं. या एका गोष्टीने मला आतून पोखरलंय. तू भांडला असतास, शिव्या दिल्या असत्यास, तर मी कदाचित स्वतःला समजावू शकलो असतो.

मावशीने सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ नुसता जाऊन उभा राहिलो. तीच म्हणाली, "घाबरू नका. मला म्हातारीला काय ऐकू येतंय?" आणि माझ्याकडे पाठ करून कुंड्या विसळायला लागली. निवृत्त होईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही.

दोन महिन्यांनी मी अधीक्षक झालो. सात वर्षं त्या खुर्चीत बसलो. खुर्ची चांगली होती.

आता तुझी तारीख. ती मी देणार नाही. तू माझ्याकडे मागूच नकोस, माझ्याकडे ती तेव्हाही नव्हती. तुझा कान बरोबर होता, डोकं बरोबर होतं आणि जमिनीवर टेकवलेला हातही बरोबर होता. चूक फक्त एका माणसावर विश्वास ठेवण्यात झाली, आणि तीही तुझी म्हणवत नाही.

ताईला अजून सांगितलेलं नाही. सांगतो.

भाऊजी


१४ एप्रिल

भुंग्या,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षा नव्हती, तरी रोज अकराला दारात जाऊन उभा राहतो.

ताईला सांगितलं. सोमवारी. "सांगतो" लिहिल्यानंतर सोळा दिवस लागले, तेही लिहून ठेवतो. एक दिवस तिला ताप होता, एक दिवस कापड यायचं होतं, एक दिवस ती खुशीत होती आणि मला ती मोडवेना. सबबी पेटुनियाच्या बीसारख्या असतात, चिमूटभरात हजार.

दुपारी ती कॉलर जोडत होती. मी रेनकोटच्या खिशातले तुझे कागद काढून मशीनवर ठेवले. तिने आधी अक्षर ओळखलं. पायडलवरचा पाय थांबला.

"हे कधी आलं?"

"फेब्रुवारीत."

"आणि आज दाखवताय?"

तिने तीनही कागद वाचले, परत पहिल्यापासून वाचले. मग म्हणाली, "इथून पाठवताय तारखा, सल्ले. माझे आशीर्वादही पाठवलेत वाटतं. बरं. आता बाकीचं सांगा. एवढ्यासाठी कुणी कागद लपवत नाही."

मी सांगितलं. तुला लिहिलं तेवढंच, त्याच क्रमाने. ती माझ्याकडे बघत नव्हती, सुईकडे बघत होती. सांगून झाल्यावर तिने दोरा तोडला. मग म्हणाली, "तो निघायच्या दिवशी भेटायला आला होता. मी त्याला दारातच उभा केला. म्हटलं, बहिऱ्या, माझ्या नवऱ्याची अब्रू घालवलीस, आधी कान तपासून घे आणि मग तोंड दाखव. पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्याला."

"हो."

"तुम्ही आतल्या खोलीत होतात."

"हो."

"ऐकत होतात."

"हो."

"तेव्हाही नाही आलात बाहेर."

मी मान हलवली. ती उठली नाही, रडली नाही. फक्त एवढं म्हणाली, "नऊ वर्षं मी बाजारातून वळसा घातला. माझ्या भावाने माती खाल्ली ती जागा बघवत नाही म्हणून. आणि तुम्ही मला म्हणायचात, बरंच आहे, चालल्याने तब्येत चांगली राहते."

हे मी खरंच म्हणायचो, भुंग्या. हसून म्हणायचो.

मग तिने ती कॉलर पुरी केली. कपडे वेळेवर द्यायचे होते. त्यानंतर तीन दिवस आमच्या घरात मशीनशिवाय कुणी बोललं नाही. काल रात्रीच्या जेवणाला तिने ताट वाढलं आणि सांगितलं, "शुक्रवारच्या बसने मी त्याच्याकडे जातेय. किती दिवस ते विचारू नका."

मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट. मी काल आपल्या कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. साहेब आता नवे आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे असतील, मला मुलगा असता तर. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "काका, आता याचा काय उपयोग? तो माणूस तर कधीच गेला. फाइल तळघरात असेल." मी म्हटलं, तळघरात तर तळघरात, तिच्यात हा कागद घाला. ते म्हणाले, "तुमच्याच अंगाशी येईल." म्हटलं, यायचंच होतं, वाट चुकलं होतं. त्यांनी शिक्का मारला. शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. त्या कागदाने तुझी नोकरी परत येणार नाही, तुझी नऊ वर्षं तर नाहीच. पण तुझ्या नावापुढे जे लिहिलंय त्याच्या खाली आता माझ्या नावाने काहीतरी लिहिलेलं आहे.

हे पत्र ताईच्याच हाती देतोय. ती वाटेत फोडणार नाही. दुसऱ्याचं टपाल फोडण्याची कला आमच्या घरात एकालाच येते.

तिला बसमध्ये मळमळतं, म्हणून पुढची जागा घेतली आहे. दुपारी तीनपर्यंत पोचेल. ती तुझी माफी मागायला लागेल. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू लगेच "जाऊ दे गं ताई" म्हणशील. म्हणू नकोस. तिला पूर्ण बोलू दे.

भाऊजी


१९ मे

भुंग्या,

ताईचं पत्र काल आलं. पाकिटावर माझं नाव होतं, म्हणून उघडलं.

चार पानं आहेत. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिचं अक्षर बघितलं. तुझ्या बायकोने तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, तू फाटकावरून आलास की दोघं लहानपणच्या गोष्टी काढून भांडता, आणि तळ्यात बुडी मारायला तुला तिनेच डिवचलं होतं हे तिने आता कबूल केलं, असं सगळं लिहिलंय. हे मला कधी सांगितलं नव्हतं तिने. म्हणजे त्या कानाचं तिच्याही मनात होतंच. आणि त्याच कानाला ती दारात उभी राहून बोलली. मी तिला काय बोलायला लावलं ते मला काल कळलं.

तिसऱ्या पानावर वाफ्याची हकीगत आहे. एप्रिलच्या शेवटी ऊन चढलं, रोपं ट्रेमध्ये मावेनाशी झाली, तेव्हा मेट्रनबाई तुला म्हणाल्या की पुढच्या आठवड्यात मोठे डॉक्टर पाहणीला येणार आहेत, त्याआधी लावून घ्या. ताई तेव्हा तुझा डबा घेऊन फाटकाशीच उभी होती. तिने लिहिलंय, "हा काही बोलेना. मला वाटलं, झालं, हा आता हो म्हणणार. याने खाली बसून मातीवर हात टेकवला, उठला, हात झटकले आणि म्हणाला, नाही बाई, अजून नाही."

मेट्रनबाई म्हणाल्या, "डॉक्टर येतील ना."

तू म्हणालास, "त्यांना मोकळी माती दाखवा. मेलेल्या रोपांपेक्षा बरी दिसते."

आणि त्या म्हणाल्या, "बरं. तुम्ही सांगाल तेव्हा."

एवढंच. त्या थांबल्या. कुणाची नोकरी गेली नाही. डॉक्टर आले, मोकळी माती बघून गेले. त्यानंतर दोनदा पहाटे गारठा पडला, आणि मग नऊ मे रोजी तू रोपं लावलीस. एकही मेलं नाही. वॉर्डातल्या एका बाईने खिडकीतून ओरडून तुला सांगितलं की पांढरी माझ्यासमोर लावा.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी मला दुसरा इलाज नव्हता. इलाज दोन शब्दांचा होता. तू फाटकावरचा माणूस, तुझ्या डोक्यावर आणखी चार जण, आणि तू ते दोन शब्द उभ्या उभ्या बोललास.

चौथ्या पानाच्या शेवटी ताईने लिहिलंय की ती रविवारी येतेय. कपड्यांची कामं खोळंबली आहेत म्हणून, असं कारण दिलंय. मी ते कारण जसंच्या तसं घेतो, त्याहून जास्त काही मागत नाही.

आणि त्याखाली तुझा निरोप आहे. तुझ्या हाताने नाही, तिच्या. "तो म्हणतो, भाऊजींना एकच विचार."

तू विचारलं आहेस की चौकशीच्या दिवशी तू सही करून खोलीबाहेर पडत होतास, दार अर्धं लागलं होतं, तेव्हा मी साहेबांना म्हणालो होतो, "बायकोचा भाऊ म्हणून ठेवला होता साहेब. कामाचा कधी नव्हताच." तू ते ऐकलंस. आणि जिन्यावरच ठरवलंस की आपण चुकीचं ऐकलं. एवढं मोठं एक चुकीचं ऐकून झालं होतं, मग हेही तसंच असेल. नऊ वर्षं तू ते तसंच धरलंस, कारण कान खराब असण्यात तुझा तेवढा एक फायदा होता. आता कान चांगला निघाला. म्हणून विचारतोस की मग तेही बरोबर ऐकलं होतं का.

मी ते विसरलो होतो, असं लिहायला घेतलं होतं. तो कागद फाडला. विसरलो नव्हतो. मार्चमध्ये तुला सगळं जसंच्या तसं लिहितो म्हणालो, आणि तेवढंच गाळलं. तू ऐकलं असशील असं वाटलं नव्हतं, म्हणून गाळलं.

तुझ्याइतकं कामाचं माणूस त्या बागेत ना माझ्याआधी होतं, ना नंतर आलं. साहेबांना तेव्हा जे सांगितलं ते खोटं होतं, आणि सांगताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं.

पण तू विचारलंस ते वेगळं आहे, आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. तुला ते नको असेल तरी या वेळी मी ते बदलून देणार नाही.

हो. तेही तू बरोबर ऐकलंस.

भाऊजी